सहावं कलम

शोभा दारात आली तेव्हा नरहर देशकर जेवत होता. तिच्या हातातला लांबट लिफाफा पाहिला आणि घास त्याच्या तोंडातच फिरू लागला.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये इंग्रजी कागद आला की लोक नरहरकडे यायचे. इंग्रजी नागपूरच्या मॅट्रिकचं, पण युनियनमध्ये त्याचा केवढा मान! जवाहर चौकातल्या इंग्रजी पाट्यांना एके काळी याच युनियननं डांबर फासलं होतं. डबा नरहरनंच धरला होता. कारखान्याशी करार मात्र इंग्रजीतच व्हायचे, आणि गेटसभेत ते हिंदीत सांगायचाही तोच.

गेल्या वर्षी करार झाला तेव्हा युनियनची निवडणूक आठ दिवसांवर होती. अध्यक्ष श्यामलालनं सभेआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "नरहर भैया, छठा नंबर छोड़ देना. लोग भड़क जाएँगे. बाद में सुधरवा लेंगे."

नरहरनं पाचव्यावरून थेट सातव्यावर उडी मारली. सातवं पगारवाढीचं. टाळ्या पडल्या. शोभाचा नवरा गोविंद पुढे बसून शिट्ट्या मारत होता. श्यामलाल निवडून आला, नरहर चिटणीस झाला; सहावं कलम तसंच राहिलं.

तीन आठवड्यांपूर्वी गोविंद काविळीनं गेला.

"भाऊजी, काय लिहिलंय हो?"

नरहर चष्मा शोधू लागला. "कपाळावर आहे," त्याची बायको रजनी म्हणाली.

चष्मा खाली ओढून त्यानं कागद वाचला. "महिन्याभरात क्वार्टर रिकामं करायचंय."

"असं कसं? सिंधूताई नवरा गेल्यावर दोन वर्षं राहिल्या की! नवा करार तर तुम्हीच वाचलात. हे सांगायचे, नरहरभाऊंनी शब्दन्‌शब्द सांगितला. त्यात हे नव्हतं."

"होतं, वहिनी. सहाव्या कलमात. मी वाचलं नाही."

रजनीच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला.

शोभा म्हणाली, "अयोध्या नगरात खोली बघू म्हणून मी यांच्या मागे लागले होते. म्हणायचे, क्वार्टर आहे की, घाई कसली?" तिनं लिफाफा उचलला. "आणखी कुणाकुणाला ठाऊक नाही?"

"कुणालाच."

"मग उद्या शिफ्ट सुटताना गेटवर वाचा. मी येते ऐकायला."

ती गेली. रजनीनं त्याच्यासमोरचं ताट उचललं. "चिटणीसपद जाईल."

"जाईल."

"जाऊ दे. ह्या खेपेला चष्मा डोळ्यांवर ठेवा म्हणजे झालं."

नरहरनं हात धुतले, करार काढला आणि सहावं कलम हिंदीत उतरवायला बसला. श्यामलालला त्यानं विचारलं नाही.