कुसुमबाईंचा तेरावा

भूतबित मी मानत नाही. अंधश्रद्धेविरुद्धची पत्रकं भर चौकात उभी राहून वाटते मी! त्यामुळे हे वाचून हसायचं तर हसा… आधी मीही हसलेच असते.

कळमेश्वरकडे एक खासगी, जुनं वेड्यांचं इस्पितळ आहे. इंग्रजांच्या काळात पैसेवाल्या घरांनी आपली 'लाज' लपवायला असल्या जागा पोसल्या. आता पाटीवर 'पुनर्वसन केंद्र' लिहिलंय, कड्या मात्र अजून बाहेरूनच. कुसुमबाई तरुणपणी तिथे आल्या, बऱ्याही झाल्या. न्यायला कुणी आलं नाही. कारण? घरात वेडी आत्या असली तर पोरींची लग्नं अडतात. मेलेली असली तर अडत नाहीत! म्हणून काटोलच्या सख्ख्या भावानं गवताचा पुतळा जाळून जिवंत बहिणीचा तेरावा घातला. अख्खं घर जेवलं.

मी त्या केंद्रात मदतीला जाते. त्या भावाला मीच शोधून काढलं. भाऊ आता थकलेत. फोनवर रडले. "आण वं पोरी तिले घरी," म्हणाले.

गाडीत कुसुमबाई खुशीत. ड्रायव्हरला म्हणतात, "हळू चालव गा, मेलेल्या माणसाले कायची घाई!"

भरदुपारी पोचलो. भाऊ ओसरीवरून लगबगीनं उठले, माझ्यामागे पाहू लागले. "कुसुम कुठं हाय?"

"काका, नाटकं बंद करा. समोर उभ्या आहेत!"

"दादा, मी आली ना," म्हणत कुसुमबाईंनी त्यांचा हात धरला. भाऊ तसेच फाटकाकडे बघत. वहिनी पाणी घेऊन आल्या – एकच पेला.

"म्हाताऱ्याची थट्टा काहून करून राहिली वं?" भाऊंचा आवाज फुटला. "आणतो म्हटलं होतं तू…"

मी ड्रायव्हरला विचारलं, तुला तरी दिसतात ना?

"मॅडम, आजी रडून राहिल्या ना तिथं!"

परत नेलं. कुठे ठेवणार होते मी त्यांना? बाहेरून कडी लागली.

आता भाऊ दर आठवड्याला केंद्रात येतात. बाकावर बसून संत्रं सोलतात, शेजारच्या जागेशी बोलतात, माफी मागतात. कुसुमबाई तिथेच बसलेल्या असतात, "जाऊ दे रे दादा" म्हणतात. भाऊंना ऐकू जात नाही. डॉक्टर म्हणतात, अपराधीपणाचा धक्का. बरं, मग वहिनींचं काय? त्या घरातल्या एकालाही कुसुमबाई का दिसत नाहीत? मला आजही सांगता येत नाही.

परवा भाऊंच्या मुलाचा केंद्रात फोन आला. "आमचे बाबा हवेशी बोलून राहिले जी. ठेवून घेता का?"