झुलालचा खांदा

शालिग्राम नट होता. हिरो कधीच नाही. सासरा, पोलीस पाटील, दारुडा काका, दोन वाक्यं बोलून निघून जाणारा माणूस. आधी यात्रेतल्या नाटकांत, मग खानदेशी सिनेमांच्या सीडींत, शेवटी मोबाइलवरच्या विनोदी व्हिडिओंत. शिरपूरच्या बाजारात पोरं त्याचा चेहरा ओळखायची, नाव कोणाला ठाऊक नसायचं. पोट कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या हमालीवर चालायचं. तिथं मी त्याच्यासोबत सरकीची पोती उचलली, दोघांच्या पाठी थकेपर्यंत.

त्याचं काम मला पटायचं, कारण तो कष्ट चोरत नसे. व्हिडिओत हमाल व्हायचं असलं तर भरलेलं पोतं मागायचा. पोरं भुसा भरून आणायची, तो परत पाठवायचा. "मान खोटी पडते," म्हणायचा. एखादा माणूस उभा करायचा तर पायापासून सुरुवात. टाच आधी टेकते की बोटं, ते बघायचं. मग पाठ. चेहरा सगळ्यात शेवटी. काम संपलं की तोंडावर पाणी मारायचा आणि तो माणूस अंगावरून उतरायचा.

झुलाल उतरला नाही.

झुलाल आमच्याच पाळीतला. पोती वाहून डावा खांदा वर राहिलेला. बोलण्याआधी घशात एक बारीक खाकर. छातीत कळ येऊन गेला. वर्ष उलटल्यावर शालिग्रामने त्याला एका व्हिडिओत उभा केला, चांगल्या मनाने. खूप लोकांनी पाहिला. मीही पाहिला आणि मोबाइल पालथा ठेवला.

त्यानंतर शालिग्रामचा खांदा खाली येईना. धुळ्याहून शूटिंगला येणारा तेजस वैतागला.

"आबा, आज तुम्ही सासरा शेतस. सासराना खांदावर कोणी पोतं ठेवं?"

पोरं हसली. शालिग्रामही हसला, पण हसण्याआधी खाकरला. पोरांचं हसू तिथंच थांबलं. पुढे बोलावणं येणं बंद झालं. डॉक्टर म्हणाला, हाडात काही नाही. त्याची बायको हेमलता मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊ, मना घरमा दुसरा माणूस वावरस. माले भ्याव वाटस."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने एकाला जेवायला बसवतात. तो पितर. तो पोटभर जेवून उठला की घरची बाई उंबऱ्यापर्यंत येते आणि सुखाने जा म्हणते. शालिग्रामने मनाशी धरलं, झुलालच्या बायकोने, बेबाबाईने, आपल्याला बसवावं. ती जा म्हणाली की झुलाल जाईल. विचारायला मला पाठवलं. बेबाबाई लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच, की मला ते बरं वाटलं नाही.

आखाजीला मी सोबत गेलो. नवी घागर भरून ठेवलेली, तिच्यावर आंबा. बेबाबाईने शालिग्रामचे पाय धुतले, पाटावर बसवलं, पुरणपोळी आणि रस वाढला. तो सावकाश जेवत होता. मध्येच त्याने पोळीचा तुकडा मोडला, रसात बुडवला आणि ताटाच्या कडेला वेगळा ठेवला.

बेबाबाईचा वाढता हात थांबला.

"हाई कोनी सांगं तुम्हले?"

"काय?"

"मना घास. ते रोज काढी ठेवेत. मी मांगून जेवू म्हनीसन."

शालिग्राम तुकड्याकडे बघत राहिला. जिनिंगमध्ये झुलाल भाकरी हातावर घेऊन उभ्यानेच खायचा. त्याला घरी ताटावर बसलेला आम्ही दोघांनी कधी पाहिला नव्हता. शालिग्रामला जे दिसायचं तेच तो करायचा, आणि हे त्याला कधी दिसलेलंच नव्हतं.

बेबाबाईने तो घास उचलला आणि आमच्यासमोर खाल्ला.

शालिग्राम घाईने उठला, हात धुऊन उंबऱ्याशी गेला. एक पाय बाहेर टाकला.

"वहिनी, आते जा म्हना."

ती आत उभी राहिली. उंबऱ्यापर्यंत आली नाही.

मी म्हणालो, "बेबाबाई, म्हणून टाका. त्याचा संसार मोडतोय."

"मना मोडेलच शे, भाऊ." माझ्याकडे न बघताच ती बोलली. मग त्याला म्हणाली, "घर येलच शेतस, तं बठा जरासा. चहा ठेवस."

मी शालिग्रामचा दंड धरला आणि ओढला. पोतं ओढतात तसा जोर लावला. तो हलला नाही. घशात बारीक खाकर झाली.

"साखर कमी टाक," तो म्हणाला, आणि बाहेरचा पाय आत घेतला.

मी एकटाच परतलो. हेमलता दारातच उभी होती.

"झुलाल गया का?"

"नही."

"मंग आमना हाऊ कोठे शे?"

मी सांगितलं, तिथंच बसलाय, चहा पितोय. तिने आत जाऊन, नवरा परत येईल म्हणून वाढून ठेवलेलं ताट उचललं आणि पातेल्यात परत ओतलं.