टिनाखालची उगवण चाचणी

गेल्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, हिवरखेडला काकांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये एका गेम कन्सोलची उगवण चाचणी झाली. चाचणी काकांनी घेतली. कन्सोल अकोल्यातल्या एका मित्राचा होता आणि तो मोटरसायकलवर मागे बसून, मांडीवर धरून मी आणला होता. टीव्ही घरातून काढून शेडमध्ये ठेवला होता, त्यामुळे काकू कोणाशी बोलत नव्हत्या.

प्रश्न अमरावतीतल्या एका गाळ्याच्या किल्लीचा होता. गाळा काकांचा. काही वर्षांपूर्वी त्यात माझा चुलतभाऊ, म्हणजे काकांचा मुलगा, गेम पार्लर चालवत असे. त्याने एका परदेशी कंपनीचे तीन कन्सोल घेतले होते. कंपनीने ते प्रतिस्पर्ध्याच्या आधी बाजारात आणण्याची घाई केली होती आणि आत मशीन थंड ठेवण्याची सोय अपुरी होती. थंड देशांत हा दोष उघड व्हायला वेळ लागला. अमरावतीच्या मे महिन्याने तो लवकर उघड केला. आधी पंखा घरघरायचा, मग चित्र थिजायचे, मग लाल दिवा लागायचा. भावाने एका मशीनसमोर टेबल फॅन लावला आणि दुसऱ्यासमोर वाळ्याचा कूलर. कूलरची हवा ओली असते. कूलरसमोरचे मशीन आधी गेले.

समोरच्या दुकानात दुसऱ्या कंपनीचे कन्सोल होते. ते चालत होते. पोरे रस्ता ओलांडून तिकडे गेली. पहिल्या कंपनीने मशीन बदलून देण्याचे जाहीर केले, पण त्यासाठी बिल लागत होते. बिले खोक्यांत होती आणि खोकी भावाने रद्दीवाल्याला दिली होती. शटर खाली आले. काकांनी किल्ली हिवरखेडला नेऊन देवघराच्या कोनाड्यात ठेवली.

आता भावाला पार्लर पुन्हा सुरू करायचे होते, तेही समोरच्या दुकानाचे नशीब उघडणाऱ्या त्या दुसऱ्या कंपनीचे नवे मॉडेल घेऊन. मित्राचा कन्सोल त्याच मॉडेलचा होता.

"बाबा, यावेळी चांगलं घेऊन राहिलो. नवीन मॉडेल हाय."

"मागच्या वेळी जुनं होतं काय?" काका म्हणाले.

भाऊ मोबाइलवर मॉडेलचा फोटो शोधू लागला.

"अन् तीनही एकाच कंपनीचे घेतले होते?"

"एकाच खेपेत भेटले."

"म्हंजे लॉटबी एकच! अबे, सगळ्या वावरात एकाच लॉटची सरकी कोण टाकते? गाव येडं हाय काय?"

"समोरच्याचं त चाललं ना."

"त्याले फयलं म्हून तुले फयन, असं कुठी लिवलं हाय?"

काका पेरणीआधी शंभर दाणे मोजतात, ओल्या गोणपाटात गुंडाळतात, रोज पाणी शिंपडतात आणि कोंब आले की पुन्हा मोजतात. पाकिटावर कंपनीने काय छापले आहे ते त्यानंतर वाचतात. कन्सोलसाठीही त्यांनी हाच क्रम ठेवला. गोणपाट ओले करण्यास भावाने हरकत घेतली. ती मान्य झाली.

भावाने फुटबॉलचा सामना लावला. टिनाखाली पंखा नव्हता. तो चाचणीच्या अटीत बसत नव्हता. काका मधूनमधून उलटा हात मशीनवर ठेवत. विहिरीवरच्या मोटरलाही ते असाच हात लावतात.

"एकट्यानं खेयून लोड येत नाई," ते म्हणाले. "दुसरा रिमोट आन इकडे."

भावाने दिला. सामना सुरू झाला आणि काकांचा खेळाडू डावीकडे चालू लागला.

"माहा माणूस काहून पयून राहिला?"

"तुमी रिमोटची दांडी दाबून राहिले, बाबा."

"मी कायले दाबू?"

काकांनी रिमोट युरियाच्या पोत्यावर ठेवला आणि हाताची घडी घातली. खेळाडू डावीकडे चालत राहिला. रेषेपर्यंत गेला आणि तिथेच पाय झाडत राहिला. आम्ही तिघेही पाहत होतो.

"दांडी आतून घासते, मंग हात न लावताबी माणूस चालते," भाऊ हळूच म्हणाला. "आजकाल सगळ्याच कंपन्यांची घासते."

"असी खोड बैलाले असली त बाजारात त्याच्या दाव्याले कोणी हात लावत नाई."

"बैल नाई बाबा, रिमोट हाय."

"म्हून तर. बैलाले समजावता तरी येते."

तेवढ्यात वीज गेली. सामना अर्धवट राहिला. भावाचा चेहरा उतरला, पण काकांनी ती नोंद धरली नाही. "लाईनीचा दोष कंपनीवर टाकाचा नाई," ते म्हणाले. वीज आल्यावर चाचणी पुढे चालू झाली आणि ऊन उतरेपर्यंत चालली. मशीन तापले. पंखा घरघरला. चित्र थिजले नाही. लाल दिवा लागला नाही.

निकाल काकांनी उभ्यानेच सांगितला. "मशीन उगवलं. रिमोट नाई उगवला."

"मंग किल्ली?"

"दोन मशीन घे. दोन कंपन्यांचे. खोकं फेकाचं नाई."

"दोन कंपन्या म्हंजे गेम येगळे, रिमोट येगळे. एकाचं दुसऱ्याले चालत नाई, बाबा!"

"पऱ्हाटीत तूर टाकतो आपण. दोघाईचं पीक एकाच दिवशी येते काय? एक गेलं त दुसरं उभं रायते."

भावाने माझ्याकडे पाहिले. मी वायर गुंडाळत होतो.

"अन् ज्या कंपनीनं आपलं वाटोयं केलं, तिचंच पुन्हा घेऊ?" त्याने विचारले.

"ते आता सुधरली असन त घे. पण पयले इथं आनाचं. टिनाखाली."

पुढच्या रविवारी पहिल्या कंपनीचे नवे मॉडेल टिनाखाली चालले. ते दुसऱ्यापेक्षा कमी तापले. काकूंनी या वेळी टीव्ही द्यायला नकार दिला होता. टीव्ही शेजाऱ्यांकडून आणावा लागला.

पेरणीच्या आठवड्यात गाळ्याचे शटर उघडले. दिवाळीनंतर एका रिमोटची दांडी डावीकडे ओढू लागली. कंपनीने बिल मागितले. बिल होते. रिमोट बदलून मिळाला.

किल्ली भावाकडे आहे. दोन्ही मशीनची रिकामी खोकी हिवरखेडला, शेडच्या आढ्याला सुतळीने बांधलेली आहेत. शेजारी यंदाच्या सरकीच्या रिकाम्या पिशव्या आहेत.