शांत बाळ

माझा पहिला मुलगा जन्मला तेव्हा आम्ही सुरतेजवळ कोसाडला एका खोलीत राहत होतो. शेजारणी मला नशीबवान म्हणायच्या, कारण बाळ रडतच नव्हतं. पाजलं की झोपायचं, आणि झोपलं की उठायचं नाव नाही. धुळ्याकडच्या गावाहून माझ्या बाळंतपणाला आलेल्या सासूबाई मात्र या कौतुकावर काहीच बोलायच्या नाहीत.

दवाखान्यातून सोडताना नर्सने बजावलं होतं, बाळ चांगलं दिसलं तरी थोड्या दिवसांनी एकदा तपासायला आणायचंच. सासूबाईंना ते पटलं नव्हतं. बारशाआधी ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर कशी पडेल? नवरा इच्छापोरला कंत्राटावर कामाला होता. तपासायला न्यायच्या दिवशी सकाळी "तुम्हीच ठरवा," म्हणून तो डबा घेऊन निघून गेला.

त्याच सकाळी बाळ तोंड उघडेना. मी तळव्यांना गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्याने गाल पुसले. त्याने दोन घोट घेतले आणि मान टाकली. आमच्या खोलीला खिडकी नव्हती, दिवसाही बल्ब लागायचा. मी त्याला उचलून बाहेर उन्हात आणलं आणि तिथंच उभी राहिले. त्याचं कपाळ, छाती, पोट, सगळं पिवळं दिसत होतं.

"आई, हे बघा ना!"

"हयद लायेल शे, तेनी व्हई," त्या म्हणाल्या. आंघोळीआधी त्याच हळद-तेल लावायच्या.

मी पदराने त्याची छाती पुसली. पदर कोराच राहिला. सासूबाईंनी एकदा पदराकडे बघितलं, एकदा बाळाकडे, आणि मी काही म्हणायच्या आत त्या अनवाणीच रिक्षा आणायला रस्त्याकडे धावल्या.

रिक्षा तापीच्या पुलावर आली तेव्हा त्या बाहेर बघत बोलायला लागल्या. "मना पयला पोऱ्या बी असाच पिवया व्हता. रडेच ना. आम्ही म्हनूत, कितला गुनी शे."

"मग?"

माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पुढचा सगळा रस्ता मी बाळाच्या नाकाखाली बोट धरून बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याचं कपाळ बोटाने दाबून सोडलं, मग छाती, मग मांडी, शेवटी तळपाय. दाबलेल्या प्रत्येक जागी कातडी पिवळी होती. त्यांनी टाचेतून रक्त घेतलं. सुई टोचली तरी तो नुसता कण्हला. ते कण्हणं अजून माझ्या कानात आहे.

"कावीळ बहुत ज़्यादा है," त्या म्हणाल्या. "लाइट के नीचे रखेंगे. शाम तक कम नहीं हुई तो खून बदलना पड़ेगा."

खून बदलना. एवढ्याशा जिवाचं रक्त काढून दुसरं घालणार? त्याला उघडं करून, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली ठेवलं. तो पाजण्यापुरताच माझ्याकडे यायचा. चिमटीत धरता येईल एवढी छाती वरखाली होते की नाही, हे मी काचेतून बघत होते. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझा हात त्यांनी एकदाही सोडला नाही.

संध्याकाळी परत रक्त घेतलं. या वेळी टाचेला सुई लागताच तो असा किंचाळला, की सासूबाई धडपडत उठल्या. कावीळ उतरायला लागली होती. रक्त बदलावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज आणलं म्हणून बरं, उशीर झाला असता तर मेंदूला धोका होता.

घरी सोडताना त्यांनी आणखी एक सांगितलं. एवढ्या काविळीने कधीकधी कानावर परिणाम होतो, म्हणून लस द्यायला याल तेव्हा प्रत्येक वेळी आम्हाला दाखवा. मग माझी नवी धास्ती सुरू झाली. मी त्याच्यामागे ताट वाजवायची, चमचा पाडायची. तो दचकला की जीव भांड्यात पडायचा, नाही दचकला की दिवसभर घास उतरायचा नाही.

तो बसायला लागल्यावर एका तपासणीत डॉक्टरीणबाई त्याच्या मागे गेल्या आणि त्यांनी लहानशी घंटी हलवली. त्याने मान वळवली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, "मॅडम, और एक बार बजाओ ना. दूसरी तरफ से."