दोन डोळे, सोळा टाके

दसऱ्यानंतरचा पहिला रविवार. रक्कम चाळीस रुपये, तीही दोनदा दिलेली. हजर तिघं: मी, माझी मुलगी आणि आमच्या तासगावातला मटणवाला.

मुलगी तेव्हा सांगलीत डोळ्यांच्या शस्त्रक्रिया शिकत होती. बुबुळ बदलायच्या शस्त्रक्रियेत माणसाच्या डोळ्याला हात लावण्याआधी बोकडाच्या डोळ्यावर सोळा टाके बिनचूक घालून दाखवा, अशी तिच्या सरांची अट होती.

पहिल्या खेपेला मी एकटा गेलो आणि चुकलो. मटणवाल्याने भाजलेल्या मुंडीतले डोळे काढून दिले, मी ते डब्यात घालून आणले. बुबुळं उकडलेल्या अंड्यासारखी पांढरी.

"पप्पा, यातून बोकडालासुद्धा दिसलं नसतं," ती हसून म्हणाली. आम्ही दोघं परत गेलो.

"भाजायच्या आधीचे पाहिजेत," तिने त्याला सांगितलं.

"आवं ताई, कच्चं डोळं खातासा व्हय?"

"शिवायचेत."

तो माझ्याकडे वळला. "काका, पोरगीला डाक्टर केलंय का शिंपी?"

पण पुढच्या रविवारपासून तो सकाळीच दोन डोळे काढून बाजूला ठेवू लागला.

जेवणाच्या टेबलावर तिने रविवारपुरता मागून आणलेला जुना मायक्रोस्कोप असायचा, म्हणून बायको पानं जमिनीवर मांडायची. एका डोळ्याच्या बुबुळाची चकती कापायची आणि ती दुसऱ्यात बसवून शिवायची. दोरा केसाहून बारीक. त्या दोऱ्याची मुदत संपलेली पाकिटं ती दवाखान्यातून आणायची. माझी कामं दोन: डोळा सुकू नये म्हणून पाण्याचे थेंब सोडणं आणि टाके मोजणं. एखादा टाका जास्त ओढला गेला तर चकती वाकडी बसते आणि माणसाला वाकडं दिसतं, असं ती सांगायची. मग सगळे कापून पुन्हा सुरुवात. सात रविवार असेच गेले.

अट पुरी झाली की ती पुढच्या शिक्षणासाठी लांब जाणार, हे मला माहीत होतं. तरी टाका सैल दिसला की मीच सांगायचो, "तेरावा बघ."

आठव्या रविवारी शिवण कोरडी राहिली. डोळा दाबून पाहिला तरी आतलं पाणी कुठूनही झिरपलं नाही.

"मोजा, पप्पा."

मी मोजले. सोळा. पुन्हा मोजले, आणि मुद्दाम सावकाश मोजले.

आता ती दिल्लीला असते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आज एका आजोबांना नवं बुबुळ बसवलं."

"टाके किती?"

"सोळा. आता मोजायला दुसरं कुणी लागत नाही, पप्पा."

ती दिल्लीला गेली त्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी सवयीने डबा घेऊन दुकानात गेलो होतो. डोळे काढून ठेवलेलेच होते.

"ताई काय म्हणत्यात?" मटणवाल्याने विचारलं.

"बरी आहे," एवढंच म्हणालो. डबा पुढे केला आणि चाळीस रुपये त्याच्या हातावर ठेवले.