बुढा थंडा पडला

माझे बाबा मरून राहिले होते, अन् माझ्या भावाच्या ग्रुपवर हसायचे इमोजी येऊन राहिले होते.

टाकणारी पोरं चांगली आहेत. आमच्याच अंगणात वाढलेली. म्हणूनच वर्षभर लिहिलं नाही. आज लिहिते.

सानगडीजवळ आमचं गाव. घर मात्र गावाबाहेर, शेतालागून. माझा लहान भाऊ नितेश. धान करते, अन् कोणाले साकोलीले जायचं असलं तर गाडीनं नेऊन देते.

गाडी सेकंड हँड, डिझेलची. घेतली उन्हाळ्यात. तिले थंडी सोसत नाही हे उन्हाळ्यात कोणाले कळणार?

पहिल्याच हिवाळ्यात तिनं गुण उधळले.
सकाळी किल्ली फिरवा, घर्र घर्र, अन् टक.
बंद.

मेकॅनिक म्हणाला, हीटर प्लग गेले, बदलून टाका. नितेश म्हणे पाहू ना, हिवाळा आहे तरी किती दिवसाचा! आमच्या घरात सगळं या "पाहू ना" वरच चालते.

मग काय, रोज धक्का.

गावातली चार पोरं मागून ढकलायची अन् स्टिअरिंगवर बाबा. हो, आमचे बाबा. कानाले मफलर बांधून बसायचे अन् गाडीनं वेग घेतला का सेकंड गिअरमध्ये बरोबर क्लच सोडायचे. जन्मभर बैलबंडी हाकलेला माणूस, पण या कामाचा रुबाब काय सांगू. आई चहा प्या म्हणे, तर म्हणायचे ड्युटीवर आहो.

पोरांनी गाडीचं नाव ठेवलं, बुढा.

बाबाले राग आला. म्हणे, "घरात एक बुढा कमी होता का बे?"
नितेश म्हणे, "त्याले धक्का लागते बाबा. तुमाले कुठं लागते?"
मग स्वतःच हसले.

पोरांनी ग्रुप काढला, धक्का पार्टी. रोज सकाळी त्यावर नितेशचा एकच व्हॉइस. बुढा थंडा पडला, या रे. खाली हसणं, अंगठे, एखादी शिवी. मग पोरं आरामात यायची, चहा-बिहा पिऊन, शाल गुंडाळून. घाई कोणालेच नसे.

बाहेरगावच्या फ्रेंड्ससाठी एक सांगते. आमच्याकडे पोरगा बापाले घरी बाबा म्हणते अन् मित्रांत बुढा म्हणते. त्यात अपमान नसते. उलट मायाच असते.

मी जवाहरनगरले राहते, पण त्या आठवड्यात माहेरी होती. सकाळी असं धुकं, का समोरचा तलाव दिसत नव्हता. बाबा शेकोटीजवळ बसले होते. नितेशनं किल्ली फिरवून पाहिली. बंद.

बाबा उठले. ड्युटीवर निघाले.
अंगणाच्या मधात गेले अन् खाली बसले. मग आडवेच झाले.

त्या थंडीत कपाळावर घाम, अन् हात गारठून गेलेले.

मी ॲम्ब्युलन्सले फोन लावला. गाडी दूर होती, धुक्यात यायले वेळ लागेल म्हणाले. नितेश बाबांचा हात धरून बसला होता. दुसऱ्या हातानं त्यानं फोन काढला, अन् बोट रोज जिथं जाते तिथंच गेलं.

"बुढा थंडा पडला बे. लवकर या."

पाठवलं अन् फोन तिथंच मातीत टाकून एकटाच गाडी ढकलायले गेला. एकट्यानं हलते का ती?

फोन मी उचलला. पाहते तर इमोजी. एक हसला, दुसरा हसला, तिसरा हसला. चौथा पिंटू, नितेशचा लहानपणापासूनचा जिवलग. त्यानं लिहिलं होतं, चहा पिऊन येतो बे.

मी सगळ्यांना फोन लावत सुटली. लागला तेव्हा ते रस्त्यावरच होते, आलो आलो म्हणून माझं न ऐकताच फोन ठेवला. धुक्यातून त्यांचं हसणं आधी ऐकू आलं, मग ते दिसले. मग त्यांना बाबा दिसले.

त्यानंतर त्यांनी जशी गाडी ढकलली तशी कोणी ढकलली नसेल. पिंटूची चप्पल तुटली, तो तसाच अनवाणी पळाला. गाडी सुरू झाली.

साकोलीच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा बाबा गेले होते.

आधी आणलं असतं तर वाचले असते का, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, वाचले असते असंही सांगता येत नाही अन् नसते वाचले असंही नाही. यापेक्षा त्यांनी सरळ काहीतरी सांगायचं होतं.

खांदा त्याच पोरांनी दिला. तेरवीले पंगत वाढली. त्यानंतर एकही जण घरी आला नाही. नितेशनंही बोलावलं नाही. गाडी विकून टाकली. ग्रुप तसाच आहे, कोणी सोडला नाही अन् कोणी बोललं नाही.

मले राग होता. खोटं कायले बोलू? पिंटूचा तर इतका, का त्याच्या मायशी मी बोलणं सोडलं.

वर्षश्राद्धासाठी माहेरी आली आहे. परवा सानगडीच्या बाजारात तो समोर आला. मी तोंड फिरवलं. तो मागं मागं आला अन् वांग्याच्या दुकानाजवळ थांबला.

"ताई, तो व्हॉइस मी मंग पुन्हा ऐकला. नित्या रडून राहिला त्यात. साफ ऐकू येते. तवा मले कसं नाही आलं ऐकू?"

तुझी चूक नाही, इतकं तरी मी म्हणायचं होतं. वांगे घेतले अन् घरी आली.

संध्याकाळी नितेशले हे सांगितलं.

तो म्हणाला, "मी बाबा म्हटलं असतं ना ताई, तर ते पळत आले असते."

आज वर्ष झालं.

बाबा, आम्हा सगळ्यांचा नमस्कार घ्या.