तटाखालची विहीर आणि रातोरात झालेला म्हसोबा

ती दुपार आजही लख्ख आठवते. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि वरून दुष्काळ. मी कोकणातला, सातवीत शाळा सुटलेली. पोलीस जमादार म्हणून किल्ल्याच्या एका गावात बदली झाली. ओळखीचं कोणी नाही. तटाला लागून बौद्ध वस्ती होती. तिथल्या एका मावशींनी घागरीच्या तळाशीच पाणी उरलेलं असतानाही मला तांब्या भरून दिला. ते उपकार फिटणारे नाहीत.

एके सकाळी त्या मावशीच ठाण्यात आल्या. "जमादार, खालच्या शेतात नवी विहीर पाडायलेत. सुरुंग उडाला की तटातून माती गळायली. तुम्ही आधी येता का पंचनाम्यालाच येता?"

स्टेशन डायरीत नोंद करून निघालो. किल्ल्याभोवती पुरातत्त्व खात्यानं हद्दीचे दगड रोवले होते. त्यांच्या आत खोदकामाला बंदी. या शेतात मात्र दगड दिसेना. तटाकडून पाहिलं तर विहिरीच्या पलीकडे शेंदूर लावलेला एक म्हसोबा तेवढा होता.

"हद्द इथं तटाकडं वळती साहेब," शेतमालक म्हणाला. "इथं दगड कधी नव्हताच."

मी म्हसोबाला हात जोडले आणि परत आलो. ती माझी चूक.

दुसऱ्या दिवशी सुरुंगानंतर तटाचा चिरा मावशींच्या अंगणात पडला. चुलीपासून दोन हातांवर. वर पाहिलं तर भिंतीला भेग, आणि तिच्या खाली दहा-बारा घरं. दुपारच्या सुरुंगाची भोकं भरून तयार होती. दोन पंच घेऊन मी धावतच शेतात गेलो. वाती काढायला लावल्या आणि पुन्हा म्हसोबापुढे उभा राहिलो. आमच्या गावच्या देवावर शेंदराचं बोटभर जाड कवच आहे. इथं दगडाच्या घडीव कडा दिसत होत्या.

"देव कधीपासूनचा?"

"आजोबापासूनचा."

"शेंदूर कधी लावता?"

"दर अवसेला. चुकत न्हाई."

"मग इतक्या वर्षांचा थर कुठं गेला?"

मी पंचांना शेंदूर खरवडायला सांगितलं. दोघंही मागे सरले. "लेकराबाळाचा धनी हाय मी," एक म्हणाला. खरं सांगतो, माझाही हात पुढे होईना.

मागून मावशी विळा घेऊन आल्या. "व्हा बाजूला. आम्ही हे सोडून लई वर्षं झाली."

चार ओढीत खात्याची अक्षरं वर आली. विहीर हद्दीच्या आत होती. शेतमालक मटकन खाली बसला. "उपटला असता तर खड्डा दिसला असता साहेब. देवाला कोण हात लावतंय? पाणी लागलं असतं तर सगळं गाव प्यालं असतं."

पाण्याचं तो खोटं बोलत नव्हता. पण ते पाणी दहा-बारा घरांवर भिंत पाडून लागणार होतं. गुन्हा नोंदवला, विहीर बंद झाली, तटाला टेकू लागले.

पंचनाम्यावर पंचांनी सह्या केल्या. दगडाला हात न लावता. पुढे नोकरीभर कुठल्याही घटनास्थळी मी आधी तपास केला, मग नमस्कार. माणूस जिथं वाकायला लावतो तिथंच नीट बघावं, हे त्या दिवशी शिकलो.

परतताना मावशींनी तांब्या पुढे केला. माझ्या हातून निम्मं पाणी सांडलं.

"आता कशाला थरथरायलात जमादार?" त्या हसल्या. "भिंत उभी हाय."